मैदानातलं गाणं आलं कुठून?



माघी गणपतीच्या उत्सवात आमच्या शेजारच्या वाडीत रात्रीच्या कबड्डीचे सामने होते. दरवर्षी असतात, पण या वेळी पहिल्यांदाच पोरींचा एक सामना ठेवला होता, तोही पुरुषांच्या उपांत्य सामन्याच्या आधी, लोक जमेपर्यंत वेळ जावा म्हणून. आमच्या गटांतल्या पंधरा-सोळा जणी मुद्दाम लवकर स्वयंपाक आटोपून गेलो. खेळणाऱ्यांत कुणाची लेक होती, कुणाची नणंद, कुणाची पुतणी. देवळाच्या पायऱ्यांवर एका बाजूला बसलो.

त्याआधी मुलग्यांचा सामना झाला तेव्हा ताशा होता, शिट्ट्या होत्या, प्रत्येक पकडीला आरडाओरडा होता. पोरी मैदानात उतरल्या आणि ताशेवाला चहाला गेला. मैदान एकदम गप्प झालं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही गप्पच बसलो. हात पदरात, डोळे पोरींवर, तोंड बंद. मग आमच्यातल्या एका आजींना राहवेना. म्हणाल्या, "अगो, गौरीला रातभर घसा फोडता, आणि आता तोंडाला कुलूप लागलं काय गो?" आणि त्यांनी बसल्या बसल्या फुगडीचा ठेका धरला. टाळ्या सुरू झाल्या, चार-पाच जणींनी चाल उचलली. पोरींनी एकदा वळून बघितलं, हसल्या. तेवढ्यात माईकवरून आवाज आला, महिला वर्गाने कृपया शांतता राखावी, पंचांना ऐकू येत नाही.

ताशाच्या वेळी पंचांना ऐकू येत होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. गप्प झालो. पोरी दोन गुणांनी हरल्या. आम्ही गप्प बसलो म्हणून हरल्या असं म्हणणार नाही, शेवटच्या चढाईत घाई झाली. पण घरी परततानाही कुणी फारसं बोललं नाही.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि विषय निघालाच. एका वहिनींनी मुलाच्या मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवला. परदेशातलं फुटबॉलचं मैदान, हजारो माणसं गळ्यातली उपरणी दोन हातांनी वर धरून एका सुरात गात होती. कुणी पुढे उभं राहून शिकवत नव्हतं, हातात कागद नव्हता. "ह्यांना कोण शिकवतं गो?" असं एकीनं विचारलं. उत्तर कुणालाच येईना. म्हणून आम्ही वाचलं, विचारलं, शोधलं, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो आहोत.

सुरुवात गाण्यापासून नाही, सुट्टीपासून करावी लागते.

इंग्लंडमध्ये लँकेशायर नावाचा कापडगिरण्यांचा मुलूख आहे. तिथे १८५० साली कायदा झाला की गिरणीतल्या बायकांना आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सोडायचं. नीट ऐका, कायदा बायकांसाठी आणि पोरांसाठी होता. पण बायका आणि पोरं गेल्यावर गिरणी चालणार कशी? म्हणून हळूहळू पुरुषांनाही शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली. पुढे त्याच मोकळ्या दुपारी तीन वाजता फुटबॉलचे सामने भरू लागले आणि पुरुष तिकडे चालू लागले. ज्यांच्या नावानं सुट्टी मिळाली त्या घरी गेल्या. घरी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आठवड्याचं धुणं कुठल्याही देशात सारखंच.

आपल्याकडची गोष्टही याला जवळची आहे. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीची माणसं किती होती हे घराघराला ठाऊक आहे, आपले आजे-पणजे तिथेच राबले. त्यांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली, त्या सभेत दोन कामगार बायकांनीही उभं राहून भाषण केलं. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स चषक ही फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली. तेव्हा ती गोऱ्या पलटणींची होती. आपल्या माणसांचा रविवार लालबाग-परळच्या मातीत हुतुतू, भजन आणि बाल्यांच्या नाचात जायचा. त्या दोन बायकांचा रविवार कसा गेला असेल, याची कल्पना आम्ही करून पाहिली. फार लांब जावं लागलं नाही.

तर अशी हजारो माणसं एका जागी जमली, सामना सुरू व्हायला वेळ आहे, उभं राहायचं आहे, थंडी आहे. माणसं गुणगुणणारच. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहराचं फुटबॉल गाणं १८९० च्या सुमाराचं मानतात, म्हणजे त्यांचा आजचा क्लब १९०२ मध्ये निघाला त्याच्याही आधीचं. आजही मैदानात गायलं जाणारं सगळ्यात जुनं गाणं म्हणून त्याचं नाव घेतात.

एक गंमत सांगतो. एडवर्ड एल्गार हे इंग्रजांचे फार मोठे संगीतकार. त्यांना फुटबॉलचं वेड होतं. वुल्व्हरहॅम्प्टन इथे राहणारी डोरा पेनी नावाची धर्मगुरूंची मुलगी त्यांच्या ओळखीची होती, तिच्या घराजवळच मैदान होतं, तिच्याबरोबर ते सामने बघायचे. १८९८ मध्ये वर्तमानपत्रातल्या सामन्याच्या बातमीतलं एक वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्याला चाल लावून त्यांनी डोराला पाठवली. एवढ्या मोठ्या माणसानं चाल लावली, पण मैदानात ती कुणी उचलली नाही. आपल्याकडेही असंच होतं. कार्यक्रमासाठी कुणी मोठ्या कवीकडून स्वागतगीत लिहून घेतं, त्या दिवशी ते म्हटलं जातं आणि संपतं. आणि कुणी लिहिलं ते ठाऊक नसलेलं फुगडीचं गाणं दीडशे वर्षं टिकतं.

गर्दी गाणं उचलते ते आधीपासून तोंडात असलेलंच. देवळातलं, दुकानातलं, नाटकातलं, रेडिओवरचं. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये एका वर्तमानपत्रानं सामन्याआधी सगळ्यांनी मिळून गाण्याची टूम काढली. गाण्याचे छापील कागद वाटायचे, मध्ये एक माणूस उंच चौथऱ्यावर उभा राहून हात हलवायचा. २३ एप्रिल १९२७ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर त्यांच्या सगळ्यात मोठ्या चषकाचा अंतिम सामना होता. त्या दिवशी 'अबाइड विथ मी' ही चर्चमधली प्रार्थना पहिल्यांदा सामन्याआधी गायली गेली, आणि तोच अंतिम सामना पहिल्यांदा रेडिओवरून घराघरांत ऐकू गेला. ही प्रार्थना हेन्री लाइट नावाच्या धर्मगुरूंची, १८४७ सालची. ते स्वतः तेव्हा आजारानं मरणाला टेकले होते. संध्याकाळ होत आली, देवा माझ्याजवळ थांब, अशा भावाची ती प्रार्थना. महात्मा गांधींना ती फार आवडायची. म्हणून दिल्लीला २९ जानेवारीला लष्कराचा जो बँडचा कार्यक्रम होतो, त्यात ती कितीतरी वर्षं वाजत होती, २०२२ मध्ये ती काढली. इंग्लंडमध्ये मात्र त्या सामन्याआधी आजही ती गातात. मरणाची प्रार्थना आणि फुटबॉल यांचा संबंध काय, असं आम्हालाही वाटलं होतं. पण १९२७ मध्ये त्या मैदानात उभ्या असलेल्या माणसांतल्या कितींचे भाऊ आणि मुलगे युद्धात गेले असतील, हे लक्षात आलं आणि मग प्रश्न उरला नाही.

लंडनच्याच वेस्ट हॅम क्लबचं गाणं साबणाच्या फुग्यांवरचं आहे. ते अमेरिकेतल्या नाटकातलं, १९१८ च्या सुमाराचं. ते मैदानात कसं आलं याची एक कथा सांगतात. आपल्या घरी येतो त्या पिअर्स साबणाच्या जुन्या जाहिरातीत कुरळ्या केसांचा, फुगे बघणारा एक मुलगा होता. तिथल्या शाळेच्या संघातला एक पोरगा अगदी त्या चित्रातल्या मुलासारखा दिसायचा, म्हणून त्याला सगळे बबल्स म्हणायचे आणि तो खेळायला लागला की हे गाणं म्हणायचे. कथा कितपत खरी यावर तिथे वाद आहेत. गाणं मात्र शंभर वर्षं झाली तरी तिथे आहे.

आता जरा थांबून त्या काळातल्या बायकांचं बघू. कारण त्या मैदानात नव्हत्या असं मुळीच नाही.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक केर कंपनीतल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळायला सुरुवात केली आणि जखमी सैनिकांच्या मदतीसाठी तिकीट लावून सामने भरवले. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३,००० माणसं आत होती आणि हजारो दाराबाहेर राहिली. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की बायकांना हा खेळ मानवत नाही, आपल्या कुठल्याही क्लबानं त्यांना मैदान देऊ नये. ही बंदी पन्नास वर्षं राहिली. मैदानातली गाणी ज्या काळात तयार झाली, रुळली, तो नेमका हा काळ. खेळणाऱ्या बायकांना मोठी मैदानं बंद, आणि बघणाऱ्यांत त्या थोड्या. त्यामुळे आज लोक म्हणतात की मैदानातलं गाणं हे पुरुषांचं. तसं ते झालं, पण ठराव करून झालं.

आता मोबाईलवरच्या त्या व्हिडिओतल्या गाण्याकडे येतो.

लिव्हरपूल हे बंदराचं शहर. जहाजं, हमाल, गोदी, परमुलखातून आलेली माणसं. तिथल्या ॲनफील्ड मैदानाच्या एका टोकाला कॉप नावाचा उभ्यानं बघायचा मोठा उतार होता. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून आलं. तिथे जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात लँकेशायरचे पुष्कळ सैनिक मेले. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात आपले गांधीजी होते. १९०६ मध्ये लिव्हरपूलच्या लोकांनी आपल्या मैदानातल्या उताराला त्या टेकडीचं नाव दिलं.

१९६० नंतर या शहरात नव्या गाण्यांची लाट आली. बीटल्स तिथलेच. तरुणांच्या हातात पगार होता, घरात रेकॉर्ड वाजत होत्या. जागा मिळावी म्हणून लोक सामन्याच्या कितीतरी आधी येऊन उभे राहायचे, आणि तोवर भोंग्यावरून त्या आठवड्यातली गाजलेली दहा गाणी वाजायची. दहाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत. माणसं बरोबर गायला लागली. १९६४ मध्ये बीबीसीचा कॅमेरा तिथे गेला तेव्हा हजारो पुरुष बीटल्सची आणि सिला ब्लॅक या त्याच शहरातल्या गायिकेची प्रेमगीतं गात होते. कुणाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मैदानात गाजलेली गाणी गाण्याची आजची पद्धत मुख्यतः तिथून धरतात.

१९६३ च्या शेवटी जेरी अँड द पेसमेकर्स या तिथल्याच गटानं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' गायलं. नावाचा अर्थ, तू कधीच एकटी चालणार नाहीस. चार आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. मग यादीतून खाली गेलं, भोंग्यावर वाजायचं बंद झालं, पण लोकांनी गाणं सोडलं नाही, असं सांगतात. १९६५ मध्ये तर दूरदर्शनवर सामन्याचं वर्णन करणाऱ्यानं हे लिव्हरपूलचं गाणं असंच म्हटलं. आज जर्मनीपर्यंतचे क्लब ते गातात.

मराठीत 'एकटी' म्हणायचं की 'एकटा', यावर आमच्या बैठकीत बराच वेळ गेला. इंग्रजीत तो फरक दिसत नाही. पण हे गाणं मुळात कुठलं ते कळलं आणि 'एकटी' पक्कं झालं. हे गाणं जेरीचं नव्हतंच. 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीत नाटकातलं ते गाणं. नाटक न्यूयॉर्कला १९ एप्रिल १९४५ ला रंगमंचावर आलं, दुसरं महायुद्ध संपायला आलं होतं तेव्हा. त्यात ज्युली नावाची गिरणीत काम केलेली मुलगी आहे. तिचा नवरा बेकार, तापट, तिच्यावर हात उगारणारा. मूल होणार म्हटल्यावर पैशासाठी तो चोरी करायला जातो आणि त्यात त्याचा जीव जातो. पोटुशी ज्युली त्याच्या देहाशेजारी बसलेली आहे. आणि तिची नात्यातली बाई, नेटी, तिला जवळ घेऊन हे गाणं म्हणते.

म्हणजे जे गाणं पन्नास-पन्नास हजार पुरुष छाती फुगवून गातात, ते मुळात एका बाईनं दुसऱ्या बाईला धीर देण्यासाठी म्हटलेलं आहे. आपल्याकडे कुणाच्या घरी असं झालं की आपण जातो, चुलीपाशी बसतो, पाठीवर हात ठेवतो. तेच ते. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी उठून पाणी प्यायला गेल्या.

त्या गाण्याचं पुढचंही सांगितलं पाहिजे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना होता. जाळीच्या कुंपणात माणसं कोंबली गेली आणि चेंगराचेंगरी झाली. ९७ माणसं गेली, त्यात दहा वर्षांचा मुलगाही होता. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर टाकला, दारू पिऊन आले होते म्हणाले. चौकशीत तो अपघात ठरला. मेलेल्यांच्या आया, बहिणी, बायका, बाप हे मानायला तयार नव्हते. ॲन विल्यम्स या आईचा पंधरा वर्षांचा मुलगा केविन त्यात गेला होता. दुपारी सव्वातीननंतर काय झालं ते बघायचं नाही, तोवर सगळे गेल्यातच जमा होते, असं चौकशीत धरलं गेलं. या बाईनं स्वतः साक्षीदार शोधले. पोलिसांना मदत करणाऱ्या एका बाईनं सांगितलं की चारच्या सुमाराला तो तिच्या हातात होता आणि त्यानं 'आई' म्हटलं. एवढ्या एका शब्दावर ॲन विल्यम्स वीस वर्षांहून जास्त भांडली. २०१३ मध्ये ती गेली. २६ एप्रिल २०१६ ला नवा निकाल लागला: प्रेक्षकांचा दोष नव्हता, ही माणसं बेकायदा मारली गेली. कोर्टाच्या बाहेर येऊन घरच्यांनी एकमेकांचे हात धरले आणि तेच गाणं म्हटलं. नेटीनं ज्युलीला म्हटलेलं.

मैदानातली सगळी गाणी अशी असतात असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. खेळाडूच्या रंगावरून, त्याच्या बायकोवरून, समोरच्या गावाच्या दुःखावरून घाणेरडी गाणीही तिथे म्हटली जातात आणि त्यावर तिथे शिक्षाही होतात. आपल्या शिमग्यात ज्या शिव्या घातल्या जातात, त्या रात्री बायकांनी दार लावून बसायचं असा रिवाज होताच की. गर्दीला तोंड फुटलं की दोन्ही बाहेर येतं.

पण गर्दी गाणं कसं बनवते, हे पाहिल्यावर आम्हाला आपलंच घर आठवलं. १९६५ मध्ये लिव्हरपूलनं तो मोठा चषक पहिल्यांदा जिंकला तेव्हा लोक जे ओरडत होते, ती चाल लहान मुलांच्या फेराच्या खेळातली होती. हातात हात धरून गोल फिरायचं, मध्ये एक शेतकरी, त्याला बायको हवी, बायकोला मूल हवं. आपली पोरं खेळतात तसलाच खेळ. चाल तीच, शब्द बदलले, चषक आत बसवला. क्युबा देशातल्या एका गाण्याची चालही इंग्लंडच्या मैदानात अशीच खेळाडूंची नावं घालून म्हणतात. आपण दुसरं काय करतो? गौरीच्या रात्री झिम्मा असतो, पिंगा असतो, चाल ठरलेली, आणि ऐनवेळी त्यात जावेचं नाव, नणंदेचं गाव, सासूचा राग घालतो. आणि आपल्या रत्नागिरीची जाखडी बघा. मध्ये शाहीर आणि ढोलकी, भोवती फेर धरून नाचणारे, एक शक्तीवाला, दुसरा तुरेवाला. सिनेमाच्या गाजलेल्या गाण्याची चाल घ्यायची, आपले शब्द घालायचे आणि समोरच्याला सवाल टाकायचा. दोन बाजू, दोन्हींची माणसं, रात्रभर. चेंडू तेवढा नाही.

आपल्या देशात फुटबॉलचं वेड कोलकात्याला. २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं गोऱ्या पलटणीला हरवलं, तेव्हापासून. १९७१ च्या एका बंगाली चित्रपटात आपल्या मराठी चित्रपटांतही गायलेल्या मन्ना डे यांनी फुटबॉलवरचं गाणं म्हटलं, ते तिथे अजून वाजतं. अंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथेही फुटबॉल जोरात आहे, आणि संघांची नावं बघाल तर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल आपलासा केला आणि पेठेचा अभिमानही त्याबरोबर शाहू स्टेडियममध्ये आला.

मुंबईत वानखेडेवर ४ जुलै २०२४ ला विश्वचषक घेऊन आलेला क्रिकेट संघ आणि सगळे प्रेक्षक रहमान यांचं 'माँ तुझे सलाम' मिळून गायले, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याच मैदानात 'सचिन, सचिन' या दोन ठोक्यांच्या हाकेनं वीस-बावीस वर्षं कान भरले. ती हाक पहिली कुणी मारली, हे सचिननं स्वतः सांगितलं आहे: आईनं. तो खाली खेळत असायचा आणि ती घरी बोलावण्यासाठी वरून हाक मारायची. सगळ्या जगाने ऐकलेली ती हाक मुळात अंधार पडलाय, वर ये, अशी होती. आपण रोज संध्याकाळी मारतो तीच.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यानंतर त्यांनी मैदानात आपल्या संघाचं गाणं म्हटलं. ते गाणं चार वर्षांपूर्वीच तयार होतं. चषक जिंकल्याशिवाय बाहेर म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चार वर्षं गाणं पोटात ठेवलं. हे ऐकून आमच्या आजी म्हणाल्या, "आमी तर चाळीस वर्सं ठेवलंय."

आता आमच्या कबड्डीचं. त्या रात्री माईकवरून जे सांगितलं त्यात थोडं तथ्य होतं, हे आम्हाला नंतर आमच्याच पोरींनी समजावलं. चढाई करणारीचा 'कबड्डी, कबड्डी' असा दम पंचांना स्पष्ट ऐकू यावा लागतो, नाहीतर ती बाद. आम्ही नेमक्या चढाईत गात होतो. ताशालाही तोच नियम लागू आहे, हे या वेळी आम्ही आयोजकांना आधीच सांगून ठेवणार आहोत. आम्ही असं ठरवलं की चढाई चालू असताना गप्प, पकड झाली, गुण मिळाला, लोण चढला की लगेच उचलायचं. तेवढ्या वेळात बसेल एवढंच गाणं हवं. दोन ओळी, फार तर तीन.

चाल कुठली यावर तीन बैठका झाल्या. फुटबॉलच्या मैदानात गाणी संथ का असतात, हे एका सुनेनं शोधून सांगितलं. मैदान शंभर मीटरचं, आवाजाला या टोकाहून त्या टोकाला जायला सेकंदाचा जवळपास तिसरा भाग लागतो. जलद गाणं म्हटलं तर अर्धी माणसं मागे राहतात. कबड्डीचं बायकांचं मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद, आपल्या खळ्याएवढं. तिथे फुगडीचा जलद ठेका चालतो, उलट संथ गाणं तिथे पडतं. तरुण जणींना सिनेमाची चाल हवी होती, आजींना फुगडीची. शेवटी फुगडीचा ठेका आणि वर सिनेमाची चाल, असं जुळलं. चांगलं वाटतं कानाला.

सध्या हप्त्याच्या बैठकीनंतर पंधरा मिनिटं तालीम असते. शब्दांत सातही पोरींची नावं घालायची आहेत. सहा बसली. सातवी ज्ञानेश्वरी, आमची सगळ्यात चांगली चढाईपटू, तिचं नाव काही केल्या ठेक्यात मावत नाही. तिचं घरचं नाव माऊ, ते अगदी बरोबर बसतं. पण ती म्हणते, मैदानात मला माऊ म्हणाल तर मी चढाईलाच जाणार नाही.